आत्याची मुलं आत, मामाची बाहेर: मेक्सिकन मुळं आणि मिश्र ओळख समजून घेताना

दुसरं महायुद्ध चालू होतं. कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टर नावाच्या लहानशा गावात एक बाई मुलांचा घोळका घेऊन शाळेत नाव घालायला गेली. तिचं नाव सोलेदाद विदाउरी. बरोबर तिची स्वतःची मुलं होती आणि भावाची तीन: सिल्विया, गोन्झालो आणि जेरोम. शाळेतल्या माणसाने मुलांकडे निरखून पाहिलं. विदाउरी आडनावाची मुलं रंगाने उजळ होती आणि आडनावही मेक्सिकन वाटत नव्हतं. त्यांना प्रवेश मिळाला. भावाची मुलं सावळी, आडनाव मेंडेझ. त्यांना सांगण्यात आलं की तुमची शाळा वेगळी, तुम्ही मेक्सिकन मुलांच्या शाळेत जा. आत्याने कुणालाच आत पाठवलं नाही. सगळ्यांना घेऊन ती तशीच माघारी फिरली.

एकाच आजीची नातवंडं. सण एकत्र, जेवण एकत्र, भांडणं एकत्र. आणि शाळेच्या दारात एका माणसाच्या नजरेने त्यांच्या दोन जाती पाडल्या. मिश्र ओळखीबद्दल काहीही समजून घ्यायचं असेल तर मला ही घटना सगळ्यात उपयोगी वाटते. आपल्याला वाटतं, ओळख ही माणसाच्या आत असते आणि भेदभाव बाहेरून येऊन तिच्यावर आदळतो. इथे उलटं झालं. त्या सकाळपर्यंत या मुलांमध्ये ‘मेक्सिकन’ आणि ‘मेक्सिकन नसलेली’ असा फरकच नव्हता. तो दारात तयार झाला.

आणखी एक गोष्ट शाळेने विचारलीच नाही. मेंडेझ मुलांचे वडील गोन्झालो मेक्सिकोत जन्मलेले, पण आई फेलिसितास होती कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावरची. म्हणजे ही मुलं आधीच मिश्र घरातली. घरात स्पॅनिश एकच असली तरी तिचे हेल दोन, स्वयंपाक दोन तऱ्हेचा. शाळेच्या लेखी या सगळ्याला एकच शब्द पुरला.

‘मेक्सिकन’ म्हणजे मुळात कोण?

मेक्सिकन हा एक वंश आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, ते एका देशाचं नाव आहे. 1521 मध्ये स्पॅनिशांनी तेनोच्तित्लान हे अझ्टेकांचं शहर जिंकलं. आजचं मेक्सिको सिटी त्याच जागी उभं आहे. त्यानंतरच्या तीनशे वर्षांत तिथे मूळचे शेकडो समाज, स्पेनहून आलेले लोक, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले सुमारे दोन लाख लोक आणि फिलिपिन्समार्गे आलेले आशियाई लोक एकमेकांत मिसळत गेले. त्या आशियाई लोकांत आपल्याकडची माणसंही होती. सतराव्या शतकात पुएब्ला शहरात कातारिना दे सान हुआन नावाची एक बाई राहत होती. तिला भारतातून पळवून, गुलाम म्हणून विकत, मनिलामार्गे मेक्सिकोत आणलं होतं. 1688 मध्ये ती वारली तेव्हा पुएब्लातले लोक तिला संत मानत होते.

राज्यकर्त्यांना ही सरमिसळ सोसवेना. त्यांनी प्रत्येक मिश्रणाला नाव द्यायला सुरुवात केली. स्पॅनिश बाप आणि मूळनिवासी आई, तर मूल मेस्तिसो. मेस्तिसो आणि स्पॅनिश यांचं मूल कास्तिसो. स्पॅनिश आणि आफ्रिकी यांचं मुलातो. अठराव्या शतकात या वर्गवारीची चित्रं काढून घेण्याची पद्धतच पडली. एका चौकटीत आई, बाप, मूल आणि खाली त्या मुलाच्या जातीचं नाव. बहुतेक वेळा सोळा चौकटींचा संच असे. तेपोत्सोत्लान इथल्या संग्रहालयात असं एक चित्र आजही पाहायला मिळतं. मिश्रण जसजसं वाढत जातं तसतशी नावं केविलवाणी होत जातात. एका जातीचं नाव आहे ‘तेन्ते एन एल आइरे’, म्हणजे ‘हवेतच तरंगत राहा’. दुसरीचं ‘नो ते एन्तिएन्दो’, म्हणजे ‘तू मला कळतच नाहीस’.

एका मुलाच्या चित्राखाली ‘तू मला कळतच नाहीस’ असं लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तिथून पुढे जाता आलं नाही.

या चित्रांना ‘कास्ता’चित्रं म्हणतात. तोच कास्ता शब्द पोर्तुगिजांनी गोव्यात आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समाजव्यवस्थेसाठी वापरला आणि त्यातूनच इंग्रजीत ‘कास्ट’ आला. आपण जात सांगताना इंग्रजीत जो शब्द बोलतो आणि मेक्सिकोतल्या त्या चौकटी, दोन्हींचं मूळ एकच. त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला फार समजावून सांगावा लागत नाही. माणसाच्या आधी त्याचा कप्पा ठरतो हे आपण जाणतो.

1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि कायद्यातून या जाती गेल्या. 1829 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले विसेन्ते गेरेरो आफ्रिकी वंशाचे होते आणि त्यांनी त्याच वर्षी गुलामगिरी बंद केली. पुढे बेनितो हुआरेस हे सापोतेक या मूळनिवासी समाजातले गृहस्थ राष्ट्राध्यक्ष झाले. विसाव्या शतकात क्रांतीनंतर सरकारने नवी कथा सांगितली: आपण सगळेच मेस्तिसो, सगळेच मिश्र, आणि तोच आपला अभिमान. ही कथा चांगली होती, पण तिच्यातही काही जण बाहेर राहिले. मूळनिवासी भाषा आजही 70 लाखांहून अधिक लोक बोलतात. तिथल्या सरकारने 68 भाषांना राष्ट्रीय भाषा मानलं आहे, पण ते झालं 2003 मध्ये. आफ्रिकी वंशाच्या मेक्सिकन लोकांचा राज्यघटनेत उल्लेख यायला 2019 उजाडावं लागलं.

म्हणून एखादं मूल जेव्हा म्हणतं, ‘मी पूर्ण मेक्सिकन नाही, अर्धाच आहे,’ तेव्हा त्याला विचारावंसं वाटतं की पूर्ण मेक्सिकन तू कुणाला पाहिलंस? ज्या मापाने ते स्वतःला अपुरं समजतं, ते मापच कुठे अस्तित्वात नाही.

कागदावर गोरे, गावात नाहीत

आता अमेरिकेकडे येऊ. 1846 ते 1848 या काळात अमेरिका आणि मेक्सिको यांचं युद्ध झालं. 2 फेब्रुवारी 1848 रोजी ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोने जवळपास निम्मा देश गमावला. आजची कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा ही राज्यं, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा मोठा भाग अमेरिकेच्या ताब्यात गेला. टेक्सासवरचा दावाही मेक्सिकोला सोडावा लागला. या प्रदेशात हजारो मेक्सिकन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. ती जागची हलली नाहीत. देश बदलला. त्यांचे वंशज आजही म्हणतात, ‘आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आम्हाला ओलांडून गेली.’

तहानुसार या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळायचं होतं. त्या काळी परदेशी माणसाला नागरिक व्हायचं तर तो ‘गोरा’ असावा लागे. त्यामुळे मेक्सिकन माणूस कायद्यापुरता गोरा ठरला. रोजच्या जगण्यात मात्र त्याला कुणी गोरं धरलं नाही. या एका विसंगतीतून पुढच्या शंभर वर्षांचा गोंधळ निर्माण झाला.

1930 च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश म्हणून रकाना आला. मेक्सिकोच्या सरकारने आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन संघटनांनी विरोध केला, तेव्हा 1940 मध्ये तो रकाना काढून त्यांना परत ‘गोरे’ केलं गेलं. मधल्या दहा वर्षांत महामंदी आली होती. कामं संपली तशी मेक्सिकन लोकांना गाड्यांत बसवून मेक्सिकोला पाठवण्याची मोहीम निघाली. फेब्रुवारी 1931 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गजबजलेल्या चौकात दिवसाढवळ्या लोकांना घेरून कागद तपासले गेले. त्या दशकात लाखो लोक गेले आणि त्यांतले पुष्कळ जण अमेरिकेतच जन्मलेले नागरिक होते, मुलं तर बहुतेक. ज्या देशाची भाषा शाळेत शिकली, तो सोडून आईवडिलांच्या देशात ही मुलं उतरली तेव्हा तिथे त्यांना ‘पोचो’ म्हणून चिडवलं गेलं. पोचो म्हणजे रंग उडालेला, नासलेला. इकडे मेक्सिकन म्हणून घालवलं, तिकडे अमेरिकन म्हणून हसले. ‘नी दे आकी, नी दे आया’, ना इथला ना तिथला, ही मेक्सिकन घरांतली म्हण कुठून येते ते यावरून कळेल. कॅलिफोर्निया राज्याने या प्रकरणाबद्दल माफी मागितली 2005 मध्ये.

शाळांबाबत विसंगती आणखी उघडी पडते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मूळनिवासी, चिनी, जपानी मुलांसाठी वेगळ्या शाळा काढायची मुभा होती. मेक्सिकन मुलांचा उल्लेख कुठेही नव्हता. तरी गावोगावी त्यांच्या वेगळ्या शाळा होत्या. कारण म्हणून भाषा किंवा स्वच्छता पुढे केली जायची. जानेवारी 1931 मध्ये सान दिएगोजवळच्या लेमन ग्रोव्ह गावात मुख्याध्यापक दारात उभे राहिले आणि सुमारे 75 मेक्सिकन मुलांना नव्या इमारतीकडे जायला सांगितलं. ती इमारत गोठ्यासारखी होती म्हणून पालकांनी तिचं नावच गोठा ठेवलं आणि मुलांना घरी बसवलं. शेतमजूर माणसं, पण त्यांनी वकील गाठला आणि रोबेर्तो आल्वारेस या बारा वर्षांच्या मुलाच्या नावाने दावा लावला. मार्चअखेर निकाल मुलांच्या बाजूने लागला. पण त्याचा फायदा त्या एका गावापुरता राहिला.

चौदा वर्षांनी मेंडेझ कुटुंबाने तेच काम मोठ्या पातळीवर केलं. ते ज्या शेतावर राहत होते ते मुनेमित्सु नावाच्या जपानी-अमेरिकन कुटुंबाचं. जपानशी युद्ध चालू असल्याने सरकारने त्या कुटुंबाला ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या पोस्टन छावणीत डांबलं होतं आणि त्यांची जमीन मेंडेझ यांनी भाड्याने घेतली होती. त्या शेताच्या उत्पन्नातून खटल्याचा खर्च निघाला. मार्च 1945 मध्ये पाच बापांनी मिळून चार शाळा-मंडळांवर दावा केला. सुनावणीत एका शिक्षणाधिकाऱ्याने मेक्सिकन मुलं स्वच्छतेत आणि बुद्धीत कमी असतात अशी साक्ष दिली. त्याला उत्तर म्हणून चौदा वर्षांची एक मेक्सिकन मुलगी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि स्वच्छ इंग्रजीत बोलली. 18 फेब्रुवारी 1946 रोजी न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला, 1947 मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने वेगळ्या शाळांचा कायदाच रद्द केला.

पण वरच्या न्यायालयाने नेमकं काय म्हटलं ते पाहा. वंशावरून शाळा वेगळ्या करणं चूक आहे, एवढं स्पष्ट त्याने म्हटलं नाही. राज्याचा कायदा मेक्सिकन मुलांना वेगळं करायची परवानगी देत नाही, एवढंच म्हटलं. जिंकण्यासाठी गोरेपणाच्या रकान्याचा आधार घ्यावा लागला. मला वाटतं, त्या पिढीला याचा दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. मूल उद्या शाळेत जायचं असतं. जे दार उघडतं तेच ढकलावं लागतं.

टेक्सासमध्ये 1951 मध्ये पीट एर्नांदेस याच्यावर खुनाचा खटला चालला. जॅक्सन काउंटीच्या ज्युरीत पंचवीस वर्षांत एकही मेक्सिकन आडनाव आलेलं नव्हतं. सरकारी वकिलांचं म्हणणं, मेक्सिकन गोरेच आहेत, ज्युरीतही गोरे आहेत, मग भेदभाव कसला? बचावाच्या वकिलांनी त्याच न्यायालयाच्या इमारतीतलं स्वच्छतागृह दाखवलं. पुरुषांची दोन होती. एकावर काहीच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्यावर काळ्या पुरुषांसाठी असं इंग्रजीत होतं आणि खाली स्पॅनिशमध्ये ‘ओम्ब्रेस आकी’, म्हणजे ‘पुरुषांनी इथे’. कागदावरचा गोरेपणा किती खरा आहे ते त्या पाटीने सांगितलं. 3 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की मेक्सिकन वंशाच्या लोकांनाही घटनेचं समान संरक्षण आहे.

भाषेचा दफनविधी

टेक्सासमध्ये मार्फा नावाचं गाव आहे. तिथे 1909 ते 1965 पर्यंत मेक्सिकन मुलांसाठी ब्लॅकवेल शाळा होती. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलल्यास मार बसायचा. 1954 मध्ये तिथे एक कार्यक्रम झाला. मुलांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहायला लावले, त्या एका खोक्यात भरल्या, आणि मैदानात खड्डा खणून ‘श्रीयुत स्पॅनिश’ यांना मूठमाती देण्यात आली.

सात-आठ वर्षांच्या मुलासाठी याचा अर्थ काय होतो? ज्या शब्दांनी आई हाक मारते, आजी अंगाई म्हणते, ते शब्द मेलेले आहेत आणि ते मेले हे चांगलंच झालं, असा. मग ते मूल मोठं होतं, आईबाप होतं आणि ठरवतं की आपल्या मुलांना हा मार नको. घरात इंग्रजीच बोलायची. मुलांच्या प्रेमापोटी भाषा अडवली जाते. तिसऱ्या पिढीत मूल आजीशी बोलू शकत नाही. आणि मग ज्या नातेवाइकांना स्पॅनिश येते तेच त्याला हसतात.

आज अशा मुलांना ‘नो साबो’ मुलं म्हणतात. स्पॅनिशमध्ये ‘मला माहीत नाही’ याला ‘नो से’ म्हणतात, पण लहान मूल नियम लावून ‘नो साबो’ म्हणतं. आपल्याकडे मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतं ना, अगदी तसं. ही चूक भाषा शिकत असल्याची खूण आहे, ती विसरल्याची नव्हे. पण वीस वर्षांच्या तरुणाने ‘नो साबो’ म्हटलं की तो खोटा मेक्सिकन ठरतो. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या घरात भाषेसाठी मार बसला होता, तिथल्या नातवाला भाषा येत नाही म्हणून हसायचा हक्क कुणालाच नाही. मार्फातल्या माजी विद्यार्थ्यांनी 2007 मध्ये एकत्र येऊन पुरलेली स्पॅनिश पुन्हा उकरून काढण्याचा प्रतीकात्मक विधी केला. त्यांनीच ती इमारत पाडू दिली नाही, आणि आता ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

नावाचंही तसंच. मेक्सिकन माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. अमेरिकन अर्जात जागा एका आडनावाची, त्यामुळे बहुधा आईचं गळतं. अक्षरांवरच्या खुणाही गळतात. ‘पेन्या’ हे आडनाव घ्या. त्याचा अर्थ खडक. त्यातल्या एन अक्षरावरची नागमोडी रेघ संगणकाने खाल्ली की उरतं ‘पेना’, आणि मेक्सिकोच्या बोलीत पेना म्हणजे लाज, संकोच. एका रेघेअभावी खडकाची लाज होते. पुष्कळ तरुण आता हट्टाने ती रेघ परत मागतात, आईचं आडनाव परत लावतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. ज्याचं नाव रोज हजेरीत मोडलं जातं त्याला विचारा.

होसे सिंग आणि मारिया खान

मिश्र ओळखीचं एक प्रकरण भारतीयांनी आवर्जून जाणून घ्यावं असं आहे. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवर इंपीरियल व्हॅली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पंजाबी शेतकरी कापूस पिकवत होते. 1913 च्या कायद्याने नागरिक होऊ न शकणाऱ्यांना जमीन घ्यायला बंदी झाली. 1917 च्या कायद्याने भारतातून नवं कुणी येणं बंद झालं, म्हणजे बायकोला बोलावणंही संपलं. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही.

त्याच शेतांत मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीतून निघून आलेली कुटुंबं कापूस वेचत होती. पंजाबी पुरुष आणि मेक्सिकन स्त्रिया यांची लग्नं होऊ लागली. वेगवेगळ्या वंशांच्या लग्नाला कॅलिफोर्नियात बंदी होती, पण कचेरीतला कारकून दोघांकडे बघायचा, दोघांचा रंग सारखाच गव्हाळ दिसायचा आणि परवाना मिळायचा. तोच कायदा, तेच राज्य, पण आंद्रेया पेरेस या मेक्सिकन-अमेरिकन मुलीने सिल्वेस्टर डेव्हिस या काळ्या तरुणाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा तिची गणना ‘गोरी’ म्हणून झाली आणि परवाना नाकारला गेला. 1948 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देऊन ती बंदीच मोडीत काढली. एका मेक्सिकन मुलीचा रंग समोरचा नवरा मुलगा कोण यावर बदलत होता.

अशी तीनशेहून जास्त पंजाबी-मेक्सिकन कुटुंबं झाली. मुलांची नावं स्पॅनिश, आडनावं सिंग, खान, अली. बाप्तिस्मा चर्चमध्ये, बोलणं आईच्या स्पॅनिशमध्ये, आणि ताटात तोर्तिया आणि रोटी यांत फार फरक करायची गरज नव्हती. बाहेरचे त्यांना ‘मेक्सिकन हिंदू’ म्हणायचे, चिडवायचे, ‘अर्धे-अर्धे’ म्हणायचे. हिंदू म्हणजे त्या वेळी तिथे हिंदुस्थानातला कुणीही, मग तो शीख असो की मुसलमान. पुष्कळ मुलं स्वतःलाही ‘हिंदू’ म्हणवून घेत आणि तेही अभिमानाने, एक शब्द पंजाबीचा येत नसताना.

यात मला भावते ती एक गोष्ट. बापाला नागरिकत्व नव्हतं म्हणून जमीन त्याच्या नावावर राहू शकत नव्हती. मुलं अमेरिकेत जन्मलेली, म्हणून नागरिक. मग पुष्कळ बापांनी जमीन मुलांच्या नावावर ठेवली. ज्यांना अख्खं गाव अर्धं म्हणत होतं, त्यांच्याच नावावर घराचं सगळं शेत उभं होतं. 1946 मध्ये कायदा बदलला, भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं. 1965 नंतर पंजाबातून नवी कुटुंबं आली आणि त्यांना ही जुनी घरं परकी वाटली. इतक्या वर्षांनी भेटलेल्या आपल्याच माणसांनीही तोच प्रश्न विचारला: तुम्ही नक्की कोण?

आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच काळात कॅलिफोर्नियात गदर चळवळीत होते. 1924 मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी मोठं काम केलं. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने त्यांना मेक्सिको सिटीतल्या भित्तिचित्रात रंगवलं आहे. त्यांची पत्नी बेल्जियन, मुली मेक्सिकोत जन्मलेल्या, आणि स्वतः ते 1967 मध्ये नागपुरात वारले. मेक्सिकन असणं म्हणजे काय, या प्रश्नाच्या उत्तरात एक मराठी घरही येतं.

घरातला रंग

बाहेरच्या पूर्वग्रहाबद्दल बोलणं सोपं असतं. घरातल्याबद्दल बोलायला जड जातं. मेक्सिकन घरांत उजळ मुलाला कौतुकाने ‘ग्वेरो’ म्हणतात, सावळ्याला ‘प्रिएतो’. दोन्ही लाडाने म्हटलं जातं, पण मुलाला सूर बरोबर कळतो. ‘मेहोरार ला रासा’ असा एक वाक्प्रचार आहे, म्हणजे वंश सुधारणं. त्याचा अर्थ, गोरा जोडीदार करा. गोरी सून शोधणाऱ्या आपल्या घरांना याचं भाषांतर लागू नये. मेक्सिकोच्या ओहाका राज्यातून आलेल्या, मिश्तेक किंवा सापोतेक या मूळनिवासी भाषा बोलणाऱ्या मुलांना कॅलिफोर्नियातली इतर मेक्सिकन मुलंच ‘ओहाकिता’, म्हणजे ‘छोटा ओहाकावाला’, म्हणून चिडवायची. शेवटी 2012 मध्ये तिथल्याच ऑक्सनार्ड शहराच्या शाळा-मंडळाला ठराव करावा लागला की हा शब्द शाळेत चालणार नाही.

म्हणून वारसा स्वीकारायचा म्हणजे घरातून आलेलं सगळं डोक्यावर घ्यायचं, असं मी मानत नाही. काही गोष्टी उचलायच्या असतात, काही तिथेच ठेवायच्या असतात.

स्वीकारणं म्हणजे रोजच्या जगण्यात काय?

ओळख कशी घडते याचा अभ्यास करणारे सांगतात की बहुतेक मुलांचा प्रवास थोडाफार सारखा असतो. आधी प्रश्नच पडत नाही. मग एक धक्का बसतो: डबा पाहून कुणी नाक मुरडतं, नावावरून हसतं, ‘तू खरा कुठला?’ विचारतं. त्यानंतर काही मुलं लपवू लागतात, काही चिडून उलट टोकाला जातात. आणि मग, जमलं तर, शोध सुरू होतो. या शोधाला खाद्य लागतं. आजीच्या गोष्टी लागतात, इतिहास लागतो, आपल्यासारखी दुसरी माणसं दिसावी लागतात.

मार्च 1968 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या हजारो विद्यार्थ्यांनी वर्ग सोडून रस्त्यावर येऊन हेच मागितलं. आमचा इतिहास शिकवा, आमच्या भाषेसाठी शिक्षा करू नका. ‘चिकानो’, म्हणजे मेक्सिकन वंशाचा अमेरिकन, हा शब्द आधी हिणवण्यासाठी वापरला जायचा. त्याच पिढीने तो उचलून छातीवर लावला. ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात पुढे मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचा वर्ग शाळेत सुरू झाला. 2010 मध्ये राज्याने कायदा करून तो बंद पाडायची सोय केली, आणि 2017 मध्ये न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी निकाल दिला की या कायद्यामागे वांशिक आकस होता. हे ताशिमा लहानपणी पोस्टनच्या छावणीत वाढले होते. तीच छावणी, जिथे मुनेमित्सु कुटुंबाला डांबलं होतं.

घरात हा स्वीकार फार साध्या गोष्टींतून होतो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, धुऊन, वाटून तोर्तियाचं, म्हणजे तिथल्या मक्याच्या पोळीचं, पीठ करायचं. स्पॅनिशमध्ये या पिठाला ‘मासा’ म्हणतात. ही कृती हजारो वर्षं जुनी आहे आणि तिच्यामुळेच मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपात मका गेला, ही कृती गेली नाही आणि मक्यावर जगणारी गरीब माणसं नायसिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने आजारी पडली. शाळेत डबा लपवणाऱ्या मुलाला हे कुणीतरी सांगायला हवं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरोघरी वारलेल्या माणसांसाठी वेदी मांडतात, तिच्यावर सेम्पासुचिलची फुलं पसरतात. हा आपला झेंडू. तो आपल्याकडे आला मेक्सिकोतूनच. चिकूचं नावही तिथल्या नाहुआत्ल भाषेतून निघालेलं.

आणि अर्ज? 1980 पासून जनगणनेत प्रत्येकाला दोन प्रश्न असत: तुम्ही लातिनो, म्हणजे मूळचे लॅटिन अमेरिकेतले, आहात का, आणि तुमचा वंश कोणता. दुसऱ्या प्रश्नात मेक्सिकन माणसाला जागाच सापडत नसे. 2000 पासून एकाहून जास्त वंशांवर खूण करता येऊ लागली. 2020 मध्ये स्वतःला एकाहून अधिक वंशांचे सांगणारे लातिनो 2 कोटींच्या वर गेले, दहा वर्षांपूर्वी ते 30 लाख होते. काही वाढ मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे झाली, सगळी नव्हे. 2024 मध्ये सरकारने दोन प्रश्नांचा एकच प्रश्न करायचं ठरवलं, हव्या तितक्या खुणा करा. सोळा चौकटींच्या चित्रापासून इथपर्यंत यायला अडीचशे वर्षं लागली, आणि अजूनही आपण चौकटीतच खूण करतो आहोत.

सिल्विया मेंडेझ यांना 2011 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वातंत्र्यपदक दिलं. त्या अनेकदा सांगतात की लहानपणी त्यांना वाटायचं, आईवडील भांडताहेत ते त्या गोऱ्या शाळेच्या सुंदर खेळाच्या मैदानासाठी. खटला जिंकल्यावर त्या नव्या शाळेत गेल्या. तिथे एका गोऱ्या मुलाने त्यांना तोंडावर सांगितलं की तू मेक्सिकन आहेस, तुझी जागा इथे नाही. निकाल बाजूने लागला होता, कायदा बदलला होता, आणि ती मुलगी रडत घरी आली: मला त्या शाळेत जायचं नाही. फेलिसितासने तिला समोर बसवून सांगितलं की इतके दिवस कोर्टात आपण नेमकं यासाठीच लढत होतो, तू त्या मुलाइतकीच आहेस.

सिल्विया पुन्हा त्याच शाळेत गेली.